पैलवानाच्या मानेवरचे फोड

बडोद्याच्या तालमीत जोड लागली की कपाळाला कपाळ भिडतं, मानेवर पकड बसते, गालाला गाल घासतो. हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू नेमका असाच पसरतो. मातीत हळद, ताक, तेल घातलं म्हणून तो थांबत नाही, कारण तो कातडीवरून थेट कातडीवर जातो. जुलै 1989 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात कुस्तीच्या एका शिबिरात 175 पैकी 60 मल्लांना त्याने गाठलं होतं.

संसर्गानंतर साधारण आठवड्याभरात जागा चुणचुणते, आग होते. मग लालसर कातडीवर मोहरीएवढे पाणीदार फोड एकाच जागी, दाटीने उठतात. कधी ताप येतो, घसा दुखतो, मानेत गाठ येते. घामोळं असं एका जागी दाटत नाही. नायटा कडेने वाढतो आणि मधे निवळतो.

तरी पुष्कळदा नायटा समजून दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणलं जातं. लाली उतरते, पोरगा पुन्हा मातीत उतरतो आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. हे मलम लावूच नका. डॉक्टर असायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविरच्या गोळ्या देतात. त्या जितक्या लवकर सुरू होतील तितका उपयोग जास्त.

पुन्हा जोड कधी धरायची? गोळ्यांचे किमान 5 दिवस पूर्ण हवेत, 72 तासांत नवा फोड नको, जुने सगळे खपली धरून कोरडे हवेत, ताप नको. ओल्या फोडावर पट्टी बांधून खेळणं चालत नाही. वस्तादांनी रोज उजेडात हनुवटी, कानामागची जागा आणि केसांची कड बघावी. फोड पापणीजवळ असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. बुबुळाला इजा होऊन नजर जाऊ शकते.

बरं झाल्यावरही विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत दबून राहतो. ताप किंवा कडक ऊन त्याला पुन्हा उठवतं. म्हणून उघड्या मैदानावर खेळणाऱ्यांनी ओठांनाही एसपीएफ 30 चं सनस्क्रीन लावावं, दर दोन तासांनी.

अनवाणी खो-खो खेळणाऱ्यांच्या तळव्याला होते ती चामखीळ, दुसऱ्या विषाणूची. तळव्यावरचं कुरूप, म्हणजे दाबाने घट्ट झालेली कातडी, वेगळं; ते सरळ दाबलं की दुखतं. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते, आणि वरचा थर घासला की आत काळे ठिपके दिसतात. ब्लेड लावू नका. पाय पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, घासा, सॅलिसिलिक ॲसिड फक्त चामखिळीवर लावा. रोज, 12 आठवड्यांपर्यंत. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घासायचा दगड वेगळा ठेवा, तो दुसरीकडे लागला तर तिथेही चामखीळ उठते.