डेब्रिजवर पिकवलेली माती

नवी मुंबईतलं कोपरखैरणे. चारी बाजूंनी इमारती आणि मधोमध हा भूखंड. कागदावर मोकळा, प्रत्यक्षात डेब्रिजनं भरलेला. कुणाच्या घराचं नूतनीकरण निघालं की रात्री टेम्पो यायचा आणि फुटक्या टाइल्स, प्लास्टर, सिमेंटच्या गोण्या टाकून जायचा. त्याच भूखंडावर आता भाजीचे वाफे आहेत.

1970 साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी निवडल्या गेल्या. खाडीकाठच्या या पट्ट्यात तेव्हा भात पिकायचा. वाफ्याशी बसलेल्या या मावशी इथल्याच गावठाणातल्या. त्यांचे हात बघा. रोपाच्या मुळाशी अंगठा कसा दाबतात! हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

पहिलं काम खणण्याचं. पहार मारली की ठण्ण आवाज यायचा. सगळं डेब्रिज उचलणं शक्यच नव्हतं. मग मोठे तुकडे रचून वाफ्यांचे काठ बांधले आणि माती वर, काठाच्या आत, तयार करायची ठरली.

हो, तयार करायची. माती विकत आणली नाही. श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटानं, कधीच दाखवून दिलंय की पाल्यापाचोळ्यातून उत्तम माती होते. आणि पाला या शहरात हवा तेवढा आहे. रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, बदाम ढीगच्या ढीग पाला गाळतात आणि आपण तो काडी लावून जाळतो!

इथे तो गोण्यांतून येतो. वाळल्या पाल्याचा थर, त्यावर सोसायट्यांमधली भाजीची देठं, फळांच्या साली, देवाचं निर्माल्य. पुन्हा पाला. प्रत्येक थरावर जीवामृत. हा निळा ड्रम त्याचाच: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. दोन दिवसांत आंबूस वास सुटतो, वर फेस येतो. जिवाणू कामाला लागले.

ढीग ओलसर ठेवला, अधूनमधून खालीवर केला की काही महिन्यांत पान ओळखू येत नाही. मूठभर घेऊन दाबा, लाडू वळतो. बोटानं टोचा, फुटतो. अशी झाली की माती तयार.

(निवेदन नाही. फावडी, मुलांचा गलका, पहिला पाऊस.)

मृगात भेंडी, गवार, काकडी. कुंपणावर दोडका आणि चवळी. नळापाशी पाणी साचतं, तिथे अळू.

डेब्रिजचे टेम्पो आता येत नाहीत. भाजी वाटून घेतली जाते. जागेची परवानगी मात्र तात्पुरती आहे, आणि ती कायम व्हायलाच हवी.

अर्धा भूखंड अजून तसाच पडलाय. त्याच्यासाठी पाला हवाय, भरपूर. तुमच्या सोसायटीतला झाडून जाळू नका, गोणीत भरा. रविवारी सकाळी फाटक उघडं असतं.