काळ्या समुद्राची वाळू

रत्नागिरीत समुद्र दोन आहेत. भगवती किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा. पाणी एकच, नावं पडली ती वाळूवरून.

ओहोटीला ही काळी वाळू ओंजळीत घ्या. जड लागते. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजला, नद्यांनी तो खाली आणला आणि लाटांनी सुपात पाखडावा तसा पाखडला. साधी वाळू पाण्याच्या 2.65 पट जड, तर या वाळूतलं इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं काळं खनिज, 4.7 पट. हलकं वाहून जातं, जड पुळणीवर उरतं.

(कागदावर वाळू, खालून फिरणारं लोहचुंबक)

ताठ उभे राहिले ते मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण. इल्मेनाइट एवढ्याशा चुंबकाला दाद देत नाही, जरी त्यात टायटॅनियमच्या प्रत्येक अणूमागे लोखंडाचा एक अणू असतो. काळेपणा या जोडीचाच. प्रकाश पडला की लोखंडाचा इलेक्ट्रॉन शेजारच्या टायटॅनियमकडे जातो, आणि त्यात प्रकाश शोषला जातो.

हेच टायटॅनियम नुसत्या ऑक्सिजनसोबत असलं तर त्याची पूड पांढरीशुभ्र. भिंतीच्या रंगात असते ती हीच. पण तिचंच खाणीत सापडणारं रूप, रुटाइल, तांबूस, कधी काळपट. कारण त्यात लोखंड शिरलेलं असतं. दोघांच्या आयनांची, म्हणजे भार असलेल्या अणूंची, त्रिज्या जवळपास सारखी, 0.605 आणि 0.645 अँगस्ट्रॉम, जागा सहज मिळते. अडतं ते विद्युतभारावर. टायटॅनियमचा भार चार, या लोखंडाचा तीन. मला सगळ्यात सुंदर वाटतं ते इथलं जमाखर्चाचं गणित: दोन लोखंडं आली की ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. किंवा पाच भाराचा नायोबियम हा तिसराच धातू येऊन तूट भरून काढतो.

प्रयोगशाळेत हे लोखंड मुद्दाम घालतात. शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे ती पांढरी पूड, मुख्यतः अतिनील किरणंच शोषतं. किंचित लोखंड मिसळलं की दृश्य प्रकाशही शोषू लागतं, आणि त्या बळावर पाण्यातली घाण तोडता येते. प्रमाण वाढलं तर मात्र काम बिघडतं.

कारखान्यात नेमकं उलट. इल्मेनाइटमधलं लोखंड काढून टाकायचं. उरतं त्याला कृत्रिम रुटाइल म्हणतात.

(सूक्ष्मदर्शकाखाली एक कण)

निसर्गही हे करतो, फार सावकाश. ज्या कणाला पिढ्यान्‌पिढ्या ऊनपाणी लागलं, त्याची कड बघा. आतून अजून काळा, कडेला फिकट तपकिरी. तिथलं लोखंड पाण्याबरोबर गेलंय. टायटॅनियम जागेवरच आहे.