खाशांचा मतदारसंघ : पर्ये

(दृश्य : चोर्ला घाटाचा उतार, खाली अंजुणे धरणाचे पाणी)

घाट उतरून गोव्यात शिरताना रस्त्याच्या कडेने अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागते आणि थोड्याच वेळात केरी गाव येते. केरी, मोर्ले, पर्ये, होंडा, पिसुर्ले अशी सत्तरी तालुक्यातील गावे मिळून पर्ये विधानसभा मतदारसंघ होतो. तालुक्याचा उरलेला बहुतेक भाग वाळपई मतदारसंघात मोडतो. गोव्यात एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार असतात, त्यामुळे उमेदवार मतदाराला नावानिशी ओळखतो. पर्येत त्याच्या उलटही खरे आहे, कारण इथला मतदार उमेदवाराला आधी घराण्यावरून ओळखतो.

ते घराणे राण्यांचे. सत्तरीतील गावे मोकासा म्हणजे जहागीर म्हणून त्यांच्याकडे होती. 1852 मध्ये दिपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीजांविरुद्ध बंड उभारले, तर 1895 च्या उठावात दादा राणे यांचे नाव गाजले. मतपेटी गावात आली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

(दृश्य : प्राथमिक शाळेचा वर्ग, भिंतीवर मुळाक्षरे, कोपऱ्यात रचून ठेवलेली बाके)

मुक्तीनंतरची पहिली विधानसभा निवडणूक डिसेंबर 1963 मध्ये झाली. तीस जागांपैकी 28 गोव्यातील होत्या, एक दमणची आणि एक दीवची. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि पक्षाचे सिंह हे चिन्ह नव्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या सत्तरीसारख्या भागातील, कुळांच्या आणि मुंडकारांच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या) घरोघरी पोहोचले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावरच्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात मतदारांपुढे ‘फूल’ आणि ‘दोन पाने’ अशी दोनच चिन्हे होती. विलीनीकरणाचे फूल 34,021 मतांनी मागे पडले. तरीही विलीनीकरण मागणाऱ्या मगोचे सरकार त्यानंतर पुन्हा निवडून आले, हे बाहेरच्या अभ्यासकांना अनेकदा कोड्यात टाकते. सत्तरीत त्याचे कोडे वाटत नाही. इथे भाषेचा प्रश्न होताच, पण पायाखालच्या जमिनीचा प्रश्न त्याहून जवळचा होता.

याच मगोच्या उमेदवारीवर 1972 मध्ये प्रतापसिंह रावजी राणे सत्तरीतून प्रथम निवडून आले. अमेरिकेत शिकून आलेला हा तरुण बांदोडकरांच्या मंत्रिमंडळात गेला, पुढे काँग्रेसच्या बाजूला आला आणि जानेवारी 1980 मध्ये मुख्यमंत्री झाला. ती निवडणूक त्यांनी अर्स काँग्रेसकडून (देवराज अर्स यांच्या गटाकडून) लढवली होती आणि त्या पक्षाला 30 पैकी 20 जागा मिळाल्या होत्या. निवडून आलेले आमदार लवकरच इंदिरा काँग्रेसमध्ये गेले. सिंह, मग काँग्रेसची वेगवेगळी चिन्हे, असा हा प्रवास झाला, पण सत्तरीतील माणसाने मत दिले ते ‘खाशां’ना. राण्यांसाठी तालुक्यात आजही हाच शब्द रूढ आहे.

30 मे 1987 रोजी गोवा घटक राज्य झाले, सभागृह 40 जागांचे झाले आणि 1989 च्या निवडणुकीपासून पर्ये हा स्वतंत्र मतदारसंघ ओळखला जाऊ लागला. राणे यांनी तिथून 1989 ते 2017 दरम्यानच्या सातही निवडणुका जिंकल्या. सत्तरीतील आधीच्या चार धरल्या, तर एकूण अकरा निवडणुकांत त्यांचा एकदाही पराभव झाला नाही. राज्यात पक्षांतराने सरकारे कोसळत होती, त्यांचे स्वतःचे सरकारही 1990 मध्ये गेले. पर्येची जागा मात्र हलली नाही.

अर्थात लढती एकतर्फी नव्हत्या. 2017 मध्ये भाजपतर्फे त्यांच्यासमोर विश्वजीत कृष्णराव राणे उभे होते. खाशांच्या मुलाचे नावही विश्वजीतच आणि ते शेजारच्या वाळपईत काँग्रेसचे उमेदवार! नवख्या बातमीदाराची तारांबळ उडावी अशीच ही नावे. निकालानंतर काही दिवसांतच वाळपईच्या विश्वजीत यांनी राजीनामा दिला आणि भाजपमध्ये जाऊन पोटनिवडणूक जिंकली. एका घरात दोन पक्ष झाले.

त्याचा पुढचा अंक 2022 मध्ये घडला. काँग्रेसने पर्येत खाशांची उमेदवारी जाहीर केली आणि भाजपने त्यांच्या सूनबाई डॉ. दिव्या राणे यांची. सासरे आणि सून समोरासमोर येणार, ही चर्चा थोडेच दिवस टिकली, कारण खाशांनी माघार घेतली. त्याच महिन्यात राज्य सरकारने त्यांना आजीवन कॅबिनेट दर्जा दिला होता. दिव्या राणे 13,943 मतांनी निवडून आल्या. त्या निवडणुकीतील राज्यातले हे सर्वांत मोठे मताधिक्य. दुसऱ्या क्रमांकावर तेच विश्वजीत कृष्णराव राणे होते, या वेळी आम आदमी पक्षाकडून.

(दृश्य : काजूचा डोंगर, बोंडे वेचणारे हात, मग प्लास्टिकच्या पिशवीतला घडी पडलेला कागद)

हा कागद एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा आहे. 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा असूनही सत्तरीतील अनेक कुटुंबे ज्या जमिनीत पिढ्यानपिढ्या काजू लावत आली, त्या जमिनीच्या उताऱ्यावर त्यांचे नाव नाही. कुठे सरकारचे आहे, कुठे जुन्या मोकासदारांचे. 1999 मध्ये म्हादई अभयारण्य घोषित झाल्यावर काही गावांत वनखात्याचाही प्रश्न त्यात मिसळला. प्रचाराला दारात येणाऱ्या प्रत्येकापुढे हा कागद उलगडला जातो. उमेदवार तो वाचतो, ‘बघूया’ म्हणतो, आणि कागद पुन्हा पिशवीत जातो.