खाज मांजरीला, औषध गोधडीला

(दृश्य: खिडकीच्या कट्ट्यावर मनी. एकाग्रतेने पोट चाटते आहे.)

मांजर खाजवताना दिसलं की आपल्याला लगेच काळजी वाटते. चाटताना दिसलं की मात्र आपण कौतुकाने बघत बसतो. किती स्वच्छ राहते बाई आमची मनी! मग एखाद्या दुपारी ती उताणी लोळते आणि तिच्या पोटावर केसच उरले नाहीत, हे ध्यानात येतं.

त्या पोटावरून केसांच्या उलट्या दिशेने बोट फिरवून बघा. बारीक खुंट टोचतात. म्हणजे हे केस गळलेले नाहीत, तुटलेले आहेत. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले कडक काटे असतात, आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याच केराटिनचे. एकाच जागी तासन्‌तास चाटलं की त्या काट्यांनी केस तुटतात. आपण नखांनी खाजवतो, मांजर बरेचदा जिभेने खाजवतं, आणि पुष्कळदा घरात कुणी बघत नसताना.

दुसरी खूण डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत केसांत बोटं घालून हात फिरवा. बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या लागल्या, तर कातडीला कशाची तरी ॲलर्जी झाली असण्याची शक्यता मोठी आहे. प्रश्न आहे तो कशाची.

मनीचं घर लालबागला. वय चार वर्षं. दरवर्षी पावसाळ्यात तिची खाज वाढते, ऑक्टोबरपर्यंत टिकते आणि थंडी पडली की उतरते. घरातल्यांनी नाव देऊन टाकलंय, सीझनल ॲलर्जी. हवेतलं काहीतरी असणार.

हवेतलं असूही शकतं. पावसानंतर गवत फुलतं, त्याचे परागकण उडतात. ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी येते. दमट हवेत गाद्या-उश्यांतले धुळीतले किडे वाढतात, जे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. माणसाला अशा ॲलर्जीने शिंका येतात, डोळे चुरचुरतात. मांजराच्या बाबतीत ती जास्त करून कातडीवर निघते. बहुतेकदा ती सहा महिने ते पाच वर्षं या वयात सुरू होते. दहा वर्षांच्या बोक्याला आयुष्यात पहिल्यांदा खाज सुटली, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

पण हवेला दोष देण्याआधी एका किड्याचा हिशेब चुकता करावा लागतो. पिसू.

(दृश्य: टेबलावर ओला पांढरा कागद. बाजूला उवा काढायची बारीक दातांची फणी.)

आपल्याकडे उवांसाठी असते तीच फणी. पण मांजरीसाठी वेगळी ठेवा. मनीच्या कमरेवरून, शेपटीच्या मुळाशी ती हळूहळू फिरवायची आणि जे निघेल ते ओल्या कागदावर झटकायचं. काळे कण पडतात. धूळ असेल तर ती काळीच राहते. आता हा कण बघा. कडेने तांबूस-तपकिरी ओघळ फुटतोय. ही पिसवेची विष्ठा, म्हणजे मनीचंच पचलेलं रक्त.

घरातले म्हणतात, आम्ही तर एकही पिसू पाहिलेली नाही. ते खरंच बोलताहेत. ॲलर्जी असलेली मांजर अंगावरच्या पिसवा चाटून गिळून टाकते, त्यामुळे अपराधी सापडत नाही. तिला ॲलर्जी पिसवेच्या लाळेची असते, आणि अशा मांजरीला मोजके चावेही पुरतात. चावणारी पिसू केव्हाच पोटात गेलेली असते, खाज मात्र मागे राहते. मांजरीच्या शेपटीखाली पांढरे, वळवळणारे बारीक तुकडे कधी दिसले, तर तोही पुरावाच. एक प्रकारचा पट्टकृमी पिसू गिळल्यानेच पोटात जातो.

आता पिसू राहते कुठे ते बघू. मादी पिसू मांजरीच्या अंगावर रक्त पिते आणि दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. मनी जिथे झोपते तिथे ती सांडतात. या घरात ती जागा म्हणजे आजींची गोधडी. अंड्यांतून अळ्या निघतात, उजेड टाळत शिवणींत शिरतात, दिवाणाखाली, पायपुसण्यात, लाद्यांच्या फटींत जातात आणि मोठ्या पिसवांची रक्ताळ विष्ठा खाऊन वाढतात. मग कोष. त्यावर धुळीचा चिकट थर बसतो आणि फवारलेलं औषध आत पोचत नाही. घरातल्या एकूण पिसवांपैकी मांजरीच्या अंगावर असतात त्या साधारण 5 टक्के. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोष होऊन घरात पसरलेल्या असतात. अळ्या कोरड्या हवेत सुकून मरतात आणि मुंबईच्या पावसाळ्यात पोसल्या जातात. ‘सीझन’ आला कुठून, ते इथे कळतं.

गणपतीला गावी गेलेल्या कुटुंबांना हा अनुभव चांगला ठाऊक असेल. पंधरा दिवस घर बंद. मनी शेजारच्या मावशींकडे. परतून कुलूप काढून आत पाऊल टाकावं, तर पायांना चावे. घरात मांजर नव्हतं, मग पिसवा आल्या कुठून? कोषातली पिसू आत वाट बघत थांबू शकते, कित्येक आठवडे. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर पडते.

म्हणून फक्त मांजरीवर उपचार करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिच्या मानेवर, जीभ पोचत नाही अशा जागी लावायचे थेंब डॉक्टर देतील. ते लावायचेच, घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला, ज्याला त्याला त्याचं स्वतःचं औषध, आणि तेही एकाच दिवशी. सोबत आजींची गोधडी, उशांचे अभ्रे, पायपुसणं गरम पाण्यात, मशिनवर 60 अंश लावून, दर आठवड्याला धुवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. दिवाण ओढून त्याच्या मागचा कोपरा व्हॅक्यूमने काढायचा. व्हॅक्यूमच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, हा त्याचा आणखी एक फायदा. पिशवी लगेच घराबाहेर रिकामी करायची. महिन्याभराने पुन्हा पिसू दिसली म्हणून औषध वाया गेलं असं समजून सोडून देऊ नका. जुने कोष फुटत असतात. तीन महिने तरी नेटाने करावं लागतं.

(दृश्य: स्वयंपाकघरातली फळी. खोबरेल, हळद, कापूर, कडुनिंबाच्या तेलाची बाटली.)

आता या फळीबद्दल. इथला प्रत्येक उपाय कुणीतरी मायेने सुचवलेला असतो. कडुनिंब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, तो मांजरीला काय करणार, असं वाटणं साहजिक आहे. पण मांजरीच्या अंगावर लावलेली प्रत्येक गोष्ट तिच्या पोटात जाते. आणि तिच्या यकृताची घडण वेगळी आहे. माणसाचं किंवा कुत्र्याचं यकृत जी काही द्रव्यं सहज निकामी करतं, ती निकामी करायची यंत्रणा मांजरीत फार अपुरी असते. म्हणून कडुनिंबाचं तेल नको, कापूर नको, निलगिरीचं किंवा टी ट्री तेल नको, रॉकेल आणि डांबरगोळ्या तर मुळीच नकोत. पाण्यात घातल्यावर दुधाळ होणारं जंतुनाशकही नको. पिसवा पळाव्यात म्हणून लसूण खाऊ घालतात, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

सगळ्यांत घातक चूक अगदी सहज होते. घरात कुत्र्याचे पिसवांचे थेंब पडलेले असतात, त्यातले दोन मांजरीला लावले जातात. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजरीला त्याने काही तासांत कापरं भरतं, झटके येतात, जीव जातो. पाकिटावर परमेथ्रिन लिहिलेलं असेल तर ते मांजरीच्या आसपासही आणू नका. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील तिचा जीव घेऊ शकते. आपल्या सर्दी-ॲलर्जीच्या कितीतरी सिरपांत आणि गोळ्यांत ते मिसळलेलं असतं. मेडिकलमध्ये मिळणारं खाजेचं मलमही तसंच राहू द्या. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं आणि ती ते चाटणार.

मग घरी करायचं तरी काय? बरंच काही आहे.

बाहेर फिरून आलेल्या मनीचे पंजे आणि पोट साध्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा. परागकण आणि धूळ केसांवर बसलेली असते, ती चाटण्याआधीच निघून जाते. हवेच्या ॲलर्जीत या एका सवयीने हलका का होईना, पण खरा आराम पडतो. धूप, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती यांचा धूर ती झोपते त्या खोलीत नको.

कातडी फार चुरचुरत असेल तर ओट्स. साधे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे दळायचे, कोमट पाण्यात कालवायचे, फडकं बुडवून त्या जागेवर पाच-दहा मिनिटं ठेवायचं आणि नंतर नुसत्या पाण्याने पुसून घ्यायचं. मसाला ओट्स नकोत, त्यात मीठ, कांदा, लसूण असतो. जखम ओली असेल तर हेही नको. अंघोळीचा हट्ट धरू नका. घाबरलेल्या मांजरीला बादलीत बसवून जे मिळतं त्यापेक्षा ओरखडे जास्त मिळतात, दोघांनाही.

नाकाचा दांडा आणि कानांची टोकं एवढ्याच जागी खपल्या असतील, तर डास बघा. काही मांजरांना डासाच्या चाव्याची ॲलर्जी असते. तिथे केस विरळ, म्हणून डास तिथेच बसतो. खिडक्यांना जाळी बसवली, संध्याकाळनंतर मांजर आत ठेवली की अशा जखमा भरून येतात.

माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 ने कातडी सुधारते, पण त्याला काही आठवडे द्यावे लागतात आणि मात्रा डॉक्टरांकडूनच घ्यायची. कॉड लिव्हर ऑइल त्याऐवजी चालत नाही. त्यातलं अ जीवनसत्त्व साठत जाऊन मांजरीला बाधतं.

खाज बाराही महिने असेल, तर आहार. कोंबडी, मासे, बीफ, रोजच्या खाण्यातलंच एखादं प्रथिन नडत असू शकतं. ते शोधायला पूर्वी कधीच न दिलेलं अन्न आठ आठवडे, फक्त तेवढंच. आजोबांनी ताटातला बोंबील हळूच खाली टाकला की पहिल्यापासून सुरुवात.

(दृश्य: मनीच्या मालकिणीचा हात. कोपराखाली गोल, लालसर चट्टा.)

आणि हे दिसलं तर घरगुती उपाय थांबवा. मांजरीच्या तोंडावर-कानांवर केस गेलेले गोल डाग आणि घरातल्या माणसाच्या हातावर असा चट्टा, म्हणजे बहुधा गजकर्ण. ती बुरशी आहे, ॲलर्जी नव्हे. पर्शियन मांजरांत ती जास्त आढळते. कानांच्या कडांवर जाड, राखाडी खपल्या चढत असतील तर ती लूत. गल्लीतल्या मांजरांकडून येते आणि तिची खाज फार क्रूर असते. दोन्ही औषधाने बऱ्या होतात.

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, मांजरंही तपासतं. गावाकडे तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. जाताना टक्कल पडलेल्या जागेचे तारखेसह फोटो, कागदावरचे ते काळे कण आणि आजवर लावलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं न्या, लाज न बाळगता, कडुनिंबाच्या तेलासकट. एका इंजेक्शनने खाज थांबते, आणि ते बहुधा दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड असतं. कधीतरी त्याची खरोखर गरज पडते. पण दर दोन महिन्यांनी तेच घेत राहिलं तर मांजराला मधुमेह होऊ शकतो. तेव्हा इंजेक्शन कसलं आहे, हे विचारा, फाइलवर लिहून घ्या आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवा.

खाजेबरोबर तोंड सुजलं, मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागली किंवा दिवसभर अन्नाला शिवली नाही, तर फोटो-कागद काही शोधत बसू नका. टोपलीत घाला आणि निघा.