सोमवारची पहिली प्लेट

मंडळी, पानाच्या डब्यातला चुना आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. डबी दोन दिवस उघडी राहिली की त्यावर पांढरी पापडी धरते आणि चुन्यातली आग निघून जाते. म्हणून घरातली जाणती माणसं चुन्यावर थोडं पाणी ठेवायची. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्यात शिरला की चुन्याचा खडू होतो. तुमच्या प्लेट प्रोसेसरच्या, म्हणजे छपाईच्या प्लेट धुऊन तयार करणाऱ्या यंत्राच्या, टाकीतही दिवसरात्र हेच चाललेलं असतं. तिथला कार्बोनेट पाण्यात विरघळून राहतो, त्यामुळे पापडी धरत नाही आणि कुणाला काही कळत नाही.

आपण ज्या पॉझिटिव्ह थर्मल प्लेट वापरतो, त्यांचा डेव्हलपर म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियमच्या सिलिकेट-हायड्रॉक्साइडचं कडक अल्कली पाणी. त्याचा पीएच साधारण १३ च्या आसपास असतो. सीटीपीमध्ये, म्हणजे संगणकावरून थेट प्लेटवर प्रतिमा उमटवणाऱ्या यंत्रात, ८३० नॅनोमीटरचा लेझर जिथे पडला, तिथला थर या अल्कलीत विरघळतो आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं. ते काम हायड्रॉक्साइड करतो. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, पण टाकीचं तोंड रुंद, पंप सतत फिरता आणि ब्रश रोलर खळबळ करणारा, तेवढा पुरतो. हायड्रॉक्साइडचा कार्बोनेट होतो आणि कार्बोनेटला प्लेटचा थर नीट काढता येत नाही.

म्हणजे डेव्हलपर दोन वाटांनी संपतो. एक वाट कामाची. प्लेट गेली, थर विरघळला, तेवढी ताकद खर्च झाली. याचा हिशोब सोपा आहे. समजा, प्लेटच्या कंपनीने चौरस मीटरला १०० मिलिलिटर रिप्लेनिशर, म्हणजे खर्चलेली ताकद भरून काढणारा ताजा माल, सांगितलाय आणि तुमची प्लेट १०३० बाय ७९० मिलिमीटरची आहे. म्हणजे ०.८१ चौरस मीटर, प्लेटमागे ८१ मिलिलिटर. मशीन हे आपोआप करतं.

दुसरी वाट रिकाम्या वेळेची, आणि मला आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे. प्रोसेसरमध्ये वेळेनुसार रिप्लेनिशर सोडण्याची वेगळी सेटिंग असते: मशीन चालू पण प्लेट नाही तेव्हा तासाला इतकं, मशीन बंद असताना इतकं. बऱ्याच प्रेसमध्ये केमिकल वाचवायला हाच आकडा शून्यावर आणून ठेवलेला मी पाहिलाय. दिवसाला दोनशे प्लेट काढणाऱ्याचं त्यावाचून कदाचित निभेल, कारण त्याच्या टाकीत ताजा माल सारखा येत असतो. दिवसाला दहा-बारा प्लेट काढणाऱ्याची टाकी मात्र नुसत्या हवेनं मरते. ज्याचं काम कमी, त्याने ही सेटिंग जास्त जपायला हवी.

मी एका प्रेसमध्ये प्लेट विभाग सांभाळत होतो तेव्हाची गोष्ट. गणपतीत चार दिवस काम बंद होतं. सुट्टी संपली आणि दिवाळी अंकांची घाई सुरू झाली. पहिल्याच फॉर्मला, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या पहिल्या तावाला, पांढऱ्या जागी फिकट शाई धरायला लागली. मशीनमनने फाउंटन, म्हणजे प्लेट ओली ठेवणारं पाणी, बदललं, डॅम्पनिंगचे रोलर धुतले, शाईचा डबा बदलला. दुपारपर्यंत कागद वाया गेला. मी मात्र डेव्हलपरच्या कंडक्टिव्हिटीचा, म्हणजे वीज वाहण्याच्या क्षमतेचा, आकडा दाखवून सांगत होतो, की डेव्हलपर ठीक आहे. संध्याकाळी प्रोसेसरचं झाकण उचललं, तर टाकीवर तरंगणारं आतलं झाकण सफाईवाल्याने काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. चार दिवस टाकी सताड उघडी होती! सुट्टीनंतर मी रिप्लेनिशर ओतून आकडा जागेवर आणला होता आणि तेवढ्यावर समाधान मानलं होतं.

इथे माझी जी फसगत झाली, ती नीट समजून घ्या. कंडक्टिव्हिटीचा मीटर पाण्यातले सगळेच आयन मोजतो. हायड्रॉक्साइड त्यात जोरदार, पण कार्बोनेटही वीज वाहतो आणि प्लेटमधून आलेले क्षारही वाहतात. ताज्या डेव्हलपरचा आणि महिनाभर वापरलेल्याचा आकडा एकच दिसला, तरी आतला कामाचा माल सारखा नसतो. शिवाय तापमान एक अंशाने वाढलं की हा आकडा साधारण दोन टक्क्यांनी वर जातो. म्हणून मीटर रोज बघा, वहीत तापमानासकट लिहा, पण निकाल प्लेटवरच्या कंट्रोल स्ट्रिपला, म्हणजे ठरावीक टक्क्यांच्या ठिपक्यांच्या तपासणी पट्टीला, विचारा. लेझरचं सेटिंग तेच असताना पन्नास टक्क्यांचा ठिपका दिवसेंदिवस चढत असेल, ९८ टक्क्यांतली बारीक छिद्रं बुजत असतील, तर डेव्हलपर थकलाय.

हवा नको तिथून कशी शिरते, हे शोधायला हातच घालावा लागतो. टाकीची पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो आणि फेस दिसायला लागतो. पंपाच्या ओढणीकडचा पाइप सैल असला तरी तेच. आत येण्याच्या बाजूचे रोलर झिजले नसले, तरी प्लेट टाकीतून बाहेर पडते तिथले पिळणी रोलर नक्की तपासा. ते झिजले तर प्लेटबरोबर डेव्हलपर पुढच्या पाण्यात वाहून जातो. रिप्लेनिशरच्या कॅनचं तोंडही असंच. नळी घालायला बूच काढून टाकलेला अर्धा कॅन म्हणजे उघडी चुन्याची डबी. बुचाला नळीपुरतं भोक पाडा, बाकी बंद ठेवा.

पाण्याबद्दल थोडक्यात: बोअरच्या जड पाण्यात डेव्हलपर कालवू नका, कॅल्शियमचा गाळ फिल्टर चोंदवतो. आरओचं घ्या. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय टाकीला हात लावू नका, आणि जुना डेव्हलपर गटारात ओतू नका. तो एवढा कडक असतो की रीतसर विल्हेवाट लावणाऱ्यांकडेच द्यावा.

आता या टेबलावर मी प्लेटचे दोन तुकडे ठेवलेत. एक शनिवारी संध्याकाळी काढलेला, दुसरा सोमवारी सकाळी त्याच टाकीतून, मध्ये झाकण मुद्दाम उघडं ठेवून. भिंग शेजारी आहे. दोन-दोन जण पुढे या आणि ९८ टक्क्यांचा चौकोन बघा.