गस्तीवर ‘ताराबाई’

[दृश्य : संगम माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, दगडी घाट]

सातारा शहराला लागूनच संगम माहुली. महाराणी ताराबाईंची समाधी इथलीच. औरंगजेबाने १७०० साली साताऱ्याचा किल्ला घेतला, ताराबाईंच्या काळात तो परत जिंकला आणि ‘अजिंक्यतारा’ झाला, हे इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. सातारा हा फौजेत जाणारा जिल्हा. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथेच सुरू झाली. तरीही इथल्या पारावर तटरक्षक दलाचं नाव क्वचित निघतं. म्हणून सांगायला हवं, की १९९९ साली भर समुद्रात चाच्यांचा पाठलाग करणाऱ्या तटरक्षक दलाच्या जहाजाचं नाव होतं ‘ताराबाई’.

[दृश्य : नकाशा. सुमात्रा, अंदमानचा समुद्र, अरबी समुद्र]

‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन २२ ऑक्टोबरला इंडोनेशियातून जपानकडे निघालं आणि चाच्यांनी ते लगेच ताब्यात घेतलं. सतरा खलाशांना रबरी तराफ्यावर सोडून दिलं. दहाएक दिवस ती माणसं लाटांवर होती. शेवटी थायलंडच्या एका मासेमारी बोटीने त्यांना उचललं.

जहाज मात्र गायब. चाच्यांनी रंग फासून जुनं नाव पुसलं, ‘मेगा रामा’ असं नवं लिहिलं आणि वर बेलीझचा झेंडा चढवला. इतक्या मोठ्या पाण्यात असं जहाज ओळखायचं कसं? क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्राने त्याचं वर्णन सगळीकडे कळवलं होतं. कुवेतच्या एका तेलवाहू जहाजाला तसंच जहाज दिसलं, त्यांनी खबर दिली. मग आपल्या तटरक्षक दलाचं विमान आणि मागोमाग ‘ताराबाई’. इशारे दिले, गोळीबार केला, तरी ते थांबेना. नौदलाचं ‘प्रहार’ मदतीला आलं, तेव्हा १६ नोव्हेंबरला ते हाती लागलं. पकडले जातोय म्हटल्यावर चाच्यांनी जहाज बुडवायचा प्रयत्न केला, आगही लावली. आपल्या जवानांनी ते तरंगतं ठेवलं आणि ओढत मुंबईला आणलं.

यातला एक दुवा जरी निसटला असता, समजा कुवेतच्या कप्तानाने ‘आपल्याला काय करायचंय’ म्हटलं असतं, तर ‘ताराबाई’ कुणाच्या मागे जाणार होती?

पुढची गोष्ट सांगताना मन खट्टू होतं. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ साली आरोपींना शिक्षा सुनावली, पण २००५ साली उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीवर आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नव्हता. दुसऱ्याच कायद्यांच्या कलमांवर खटला उभा करावा लागला होता. तो कायदा यायला २०२२ साल उजाडलं. फारच उशीर झाला. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ जहाजावरून पकडलेले ३५ सोमाली चाचे नौदलाने मुंबई पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा तो हाताशी होता.

समुद्रावरची सोबत मात्र लगेच वाढली. २००० सालापासून भारत आणि जपानची तटरक्षक दलं ‘सहयोग-काइजिन’ हा सराव एकत्र करतात. चाचेगिरीविरुद्ध आशियाई देशांचा करार २००४ साली ठरला, २००६ साली अमलात आला. त्याचं माहिती केंद्र सिंगापूरला आहे.

[दृश्य : गस्ती जहाजाचा नियंत्रण कक्ष, रडारचा पडदा]

सीमेचं काय? पाण्यावर कुंपण घालता येत नाही. मासळीमागे गेलेली बोट रेषा ओलांडते आणि खलाशी परक्या तुरुंगात जातात. गुजरातच्या किनाऱ्यावर हे दुखणं जुनं आहे. म्हणून २००५ साली भारतीय तटरक्षक दल आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था यांनी एकमेकांशी थेट बोलण्याचा करार केला. त्याचा उपयोग काय, ते डिसेंबर २०२४ मध्ये दिसलं. पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासला निघालेलं ‘अल पिरानपीर’ हे भारतीय गलबत खवळलेल्या समुद्रात बुडालं. बारा भारतीय खलाशी छोट्या होडीत उतरले. जागा पाकिस्तानच्या शोध-बचाव क्षेत्रातली. मुंबई आणि पाकिस्तानची बचाव केंद्रं सतत बोलत राहिली, पाकिस्तानच्या विमानाने शोधाला हात दिला आणि आपल्या तटरक्षक दलाचं ‘सार्थक’ जहाज तिथे पोहोचलं. बाराही जण जिवंत सापडले. ‘सार्थक’ने त्यांना पोरबंदरला आणलं.