रामकुंडात उडी मारण्याआधी हा आकडा वाचायला शिका

नमस्कार मंडळी! उन्हाळ्याची सुट्टी लागली की नाशिकच्या गोदाघाटावर पोरांच्या उड्या सुरू होतात. रामकुंड म्हणू नका, गांधी तलाव म्हणू नका. स्नानाला येणारे भाविक वेगळेच. त्यात २०२७ चं सिंहस्थ आहेच. पाणी चांगलं आहे का, असं घाटावर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "बघा की, तळ दिसतोय!"

तळ दिसतोय म्हणजे गाळ खाली बसलाय, एवढंच. जंतू डोळ्यांना दिसत नसतात.

मग बघायचं काय? फिकल कोलिफॉर्म. माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात राहणारे जिवाणू. यातले बरेचसे तसे निरुपद्रवी. तरी मोजायचे, कारण ते सापडले म्हणजे पाण्यात मैला आलाय. आणि मैल्याबरोबर टायफॉइड, कावीळ, गॅस्ट्रो काहीही येऊ शकतं. एकेक रोगाचा जंतू शोधत बसण्यापेक्षा हा चुगलखोर पकडणं सोपं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आंघोळीच्या पाण्याचा निकष असा: १०० मिलिलिटर पाण्यात हे जिवाणू ५०० पर्यंत असावेत आणि २,५०० च्या वर जाऊच नयेत. बातम्यांमध्ये फक्त २,५०० येतं. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात मंडळाचा अहवाल हरित लवादासमोर गेला, तेव्हाही सगळी चर्चा याच आकड्याभोवती फिरली. पण २,५०० ही शेवटची हद्द आहे हो. २,४०० आले म्हणून पोराला खुशाल पाण्यात सोडा, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता हा आकडा येतो कुठून, ते बघा. मला यातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो.

निर्जंतुक केलेली बाटली घ्यायची, पृष्ठभागाच्या जरा खाली न्यायची, पाणी जिकडून वाहत येतं तिकडे तोंड करून भरायची आणि बर्फाच्या पेटीत टाकून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची. तिथे जिवाणू एकेक करून मोजत नाहीत. हे पाणी थोडं थोडं करून पंधरा नळ्यांमध्ये घालतात: पाच नळ्यांत १० मिली, पाचांत १, पाचांत ०.१. नळीत जिवाणूंचं खाद्य असतं आणि आत एक इवलीशी नळी उलटी ठेवलेली असते. कोलिफॉर्म वाढले की गॅस होतो आणि त्या उलट्या नळीत बुडबुडा अडकतो. बुडबुडावाल्या नळ्यांतलं थोडं थोडं मग ४४.५ अंशांवर पुन्हा वाढवून बघतात. तिथेही बुडबुडा आला, तर फिकल कोलिफॉर्म. किती नळ्यांत आला ते मोजायचं आणि तक्त्यात आकडा बघायचा.

म्हणजे अहवालात छापलेला आकडा हा अंदाज असतो. एमपीएन म्हणतात तो हाच, सर्वाधिक संभाव्य संख्या. म्हणून तर अहवालांमध्ये २४०, ९२०, १,६०० असे तेच ते आकडे पुन्हापुन्हा भेटतात. तक्त्यातच ते आहेत. २४० लिहिलंय तिथे खरी संख्या शंभरापासून सातशेपर्यंत काहीही असू शकते. आणि १,६०० च्या आधी 'पेक्षा जास्त'ची खूण असेल तर सावध व्हा. पंधराच्या पंधरा नळ्यांत बुडबुडे आलेत, चाचणीची मोजायची ताकदच संपलीय. खरा आकडा दोन हजार असेल नाहीतर दोन लाख. त्यासाठी नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावावा लागतो.

या सगळ्याला दोन-तीन दिवस जातात. तोवर ते पाणी कधीच पुढे वाहून गेलेलं असतं. त्यात नमुना सहसा महिन्यातून एकदा घेतात. मधल्या दिवसांत धरणातून आवर्तन सुटलं की आकडा वेगळा, ड्रेनेज तुंबून चेंबर वाहिलं की वेगळा. पहिल्या मोठ्या पावसानंतर तर विचारूच नका. रस्त्यांवरची आणि नाल्यांतली सगळी घाण एकदम नदीत येते. जोरदार पाऊस झाला की पुढचे दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नका, आकडा काहीही असो.

जागाही बघा. गंगापूर धरणाजवळचं पाणी, रामकुंडातलं आणि तपोवनातलं, नदी एकच पण पाणी एक नाही. रामकुंडाच्या खालच्या अंगाला वाघाडी मिळते, आणखी खाली टाकळीजवळ नासर्डी. नमुना संगमाच्या वर घेतला की खाली, यावर 'गोदावरी शुद्ध' की 'गोदावरी गटार' ही हेडलाइन ठरते.

आणखी एक. पावसाळ्यातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा जंतू) या चाचणीत कळत नाही. तो उंदरांच्या मुतातून येतो आणि कातडीवरच्या जखमेतून शिरतो. पायाला खरचटलेलं असेल तर पावसाळ्यात घाटावर काठावरच बसा. बाकी दिवसांत पोरं उतरलीच, तर पाणी तोंडात जाऊ देऊ नका. पोटाचं दुखणं बहुतेक त्या एका घोटातूनच येतं.

तुमच्या नदीचा आकडा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर सापडेल. तो कुठल्या पुलाखालचा, कुठल्या महिन्यातला आणि त्याआधी 'पेक्षा जास्त'ची खूण आहे का, हे बघून खाली कमेंटमध्ये लिहा. गोदावरीच हवी असं नाही. मुळा, पंचगंगा, कुठलीही चालेल.